खिम्याच्या वळकटीची हकीकत

बोटभर लांबीची, आत खिमा भरलेली आणि तळून कुरकुरीत केलेली वळकटी आज मीरा रोडपासून उत्तनपर्यंत कोठेही खायला मिळते. स्टेशनाबाहेरच्या गाडीवर तिला स्प्रिंग रोल म्हणतात. नयानगरात रमजानच्या दिवसांत ती खिमा रोल होते. आमच्या उत्तन-डोंगरीच्या ख्रिस्ती घरांत तिच्या थोरल्या बहिणीला पॅनरोल म्हणतात. आणि ज्यांच्या घरचे कोणी बोटीवर नोकरीला आहे त्यांच्याकडे ती अलीकडे 'लुंपिया' या नावानेही येऊ लागली आहे. हा लुंपिया फिलिपिन्स देशातला. मंडळातल्या भगिनी मला पुष्कळ वेळा विचारतात की हे मूळचे कुणाचे, आणि मी तोंड उघडण्यापूर्वीच कोणीतरी उत्तर देऊन टाकते, "चायनीज." उत्तर खोटे नाही, परंतु ते फार तोकडे आहे. चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा मी ठरवले की या वळकटीचीच हकीकत लिहावी. शाळेत आपण इतिहास शिकलो तो गडांचा आणि तहांचा. त्या गडांच्या खाली चुली पेटत होत्या, त्यांचाही काही इतिहास असतोच की.

आमच्या घरी लुंपिया आला तो धाकट्या दिरामुळे. भाऊजी मालवाहू बोटीवर आहेत. पूर्वी इंग्रजी बोटींवर आपल्याकडचे खलाशी असत तेव्हा त्यांचा मुकादम तो 'सारंग' आणि त्यांचे जेवण रांधणारा तो 'भंडारी' असे म्हणत. आज बोटीवर सर्व देशांची माणसे एकत्र असतात, त्यांत फिलिपिन्सचे लोक फार आणि आपलेही बरेच. भाऊजींच्या बोटीवरचा आचारी फिलिपिनो होता. रविवारी आणि कुणाचा वाढदिवस असला म्हणजे तो शे-दीडशे लुंपिया तळीत असे. नऊ महिने समुद्रावर काढायचे म्हणजे माणूस हाताला काही ना काही चाळा शोधतो. भाऊजी त्याच्याजवळ बसून पाऱ्या भरायला शिकले आणि सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी आम्हाला करून दाखवले. जाताना त्यांनी आमच्या घरचा बाटली मसाला नेला. आचाऱ्याने तो एकदा खिम्यात घातला, आणि तेव्हापासून प्रत्येक खेपेस मला त्याच्यासाठी एक बाटली वेगळी बांधून द्यावी लागते. ज्या भगिनींना बाटली मसाला ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, उन्हाळ्यात मिरच्या आणि वीस-पंचवीस जिन्नस भाजून कुटायचे आणि गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरायचे, ही आमच्या ईस्ट इंडियन लोकांची रीत आहे. काळ्या बाटलीत उजेड पोचत नाही, म्हणून रंग आणि वास वर्षभर टिकतो.

आता नावाकडे वळू. लुंपिया हा शब्द फिलिपिनो भाषेत आला तो चीनच्या फुजियान प्रांताच्या बोलीतून. तिला हॉक्कियन म्हणतात. तिच्यात 'लुन' म्हणजे मऊ, ओलसर आणि 'पिया' म्हणजे पोळी. म्हणजे मुळात ही मऊ पोळी. तळण्याचा संबंधच नाही! पातळ पोळीत शिजवलेली भाजी गुंडाळून ती तशीच खायची, आणि आजही फुजियानमध्ये तशी खातात. फिलिपिन्समध्येही एक न तळलेला लुंपिया आहेच, त्याला ते 'सारिवा' म्हणजे ताजा म्हणतात. वसंत ऋतूच्या आरंभी नव्या हिरव्या भाज्या पातळ पोळीबरोबर ताटात मांडण्याची चीनमध्ये फार जुनी चाल होती. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या लिखाणात तिचे उल्लेख सापडतात. आपल्या पाडव्याला कडुनिंबाचा पाला तसे ते. त्यावरूनच 'वसंताची वळकटी' हे नाव पडले आणि त्याचेच इंग्रजी झाले स्प्रिंग रोल. गाडीवरच्या मुलाला 'स्प्रिंग म्हणजे काय रे' असे विचारले तर तो घड्याळातली स्प्रिंग दाखवील, पण ती ही नव्हे.

फुजियानची जमीन डोंगराळ, शेती थोडी, लोक दर्यावर्दी. आपल्या कोकणासारखेच म्हणा ना. पोट भरेना तेव्हा माणसे तारवांत बसून दक्षिणेकडे गेली. काही जावा बेटावर गेली, तेथे सेमारांग शहराचा लुंपिया आजही प्रसिद्ध आहे. काही मनिलाला गेली. १५७१ साली स्पॅनिश लोकांनी मनिला घेतले आणि तेथे आपली राजधानी केली. मेक्सिकोहून चांदी भरून गलबते यायची आणि चिनी रेशीम व भांडी घेऊन परत जायची. हा व्यापार १५६५ पासून १८१५ पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षे चालला. याच गलबतांतून मिरची, मका, टोमॅटो असे कितीतरी जिन्नस अमेरिकेतून आशियात उतरले. आपल्याकडे मिरची पोर्तुगिजांनी आणली. दोन्हीकडून प्रदक्षिणा घालून ती एकाच खंडात पोचली.

या चिनी लोकांची हकीकत मात्र वाचवत नाही, आणि तीच मला येथे विशेष सांगायची आहे. मनिलाच्या तटबंदीच्या आत स्पॅनिश राहात. चिन्यांना तटाबाहेर राहायला लावले. तो मोहल्ला १५८१ च्या सुमारास वसला, त्याला पारियान म्हणत. संपूर्ण शहराचे शिंपी, चांभार, सुतार, मेणबत्तीवाले, पाव भाजणारे आणि खाणावळवाले तेथे होते. जे ख्रिस्ती झाले त्यांना १५९४ मध्ये नदीपलीकडे बिनोंदो नावाची निराळी वस्ती दिली. जगातली सर्वांत जुनी चिनी वस्ती म्हणून ती आज दाखवतात. स्पॅनिश लोक त्यांच्या हातचे खात होते, त्यांनी शिवलेले जोडे घालीत होते, आणि त्यांची संख्या वाढते म्हणून रात्री झोपेत दचकतही होते. १६०३ साली त्या भीतीचे रूपांतर दंग्यात झाले आणि हजारो चिनी मारले गेले. वीस हजारांच्या आसपास असा आकडा देतात. मोर्गा नावाचा एक स्पॅनिश अधिकारी दंग्याच्या थोडे आधीपर्यंत मनिलात होता. त्याने आपल्या ग्रंथात नमूद केले आहे की दंगा शमल्यावर शहराची फार अडचण झाली, खायला मिळेना आणि वाटेल तो दाम देऊनही जोडे मिळेनात. ज्यांना मारले ते सर्व कामे करणारे होते, हे तेव्हा लक्षात आले! पुन्हा चिन्यांना येऊ दिले. १६३९ साली पुन्हा तोच प्रकार झाला. त्यानंतरही एकदा ख्रिस्ती नसलेल्या चिन्यांना देशाबाहेर घालवण्याचे हुकूम निघाले. माणसे हाकलली, परंतु त्यांची पोळी राहिली. ज्यांनी तेथल्या मुलींशी लग्ने केली त्यांच्या घरांत ती टिकली. खिमा डुकराचा, पोळी चिनी, सिरका तेथल्या माडीचा, असा तिचा संसार बायकांनी थाटला. फिलिपिन्सचे राष्ट्रपुरुष होझे रिझाल, ज्यांना स्पॅनिश सरकारने १८९६ मध्ये गोळ्या घातल्या, त्यांचे पूर्वजही फुजियानमधूनच आलेले होते. त्यांच्या १८९१ च्या कादंबरीत विद्यार्थी एका चिनी खाणावळीत जेवायला बसतात, तेथे लुंपियाही वाढला जातो.

भगिनींनो, मनिला फार दूर आहे, त्याचे आपल्याला काय, असे कुणी म्हणेल. परंतु एक काळ असा होता की मनिला आणि आपली वसई एकाच राजाच्या ताब्यात होती. १५३४ मध्ये गुजराथचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगिजांना दिली आणि तिच्याबरोबर साष्टीही गेली. आपले भाईंदर आणि मीरे हे साष्टीच्या उत्तर टोकाचे भाग, आणि उत्तन-डोंगरी-गोराई ते धारावी बेट. पुढे १५८० मध्ये पोर्तुगालची गादी स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे गेली. फिलिपिन्स हे नाव ज्याच्यावरून पडले तोच हा फिलिप. १६४० पर्यंत, साठ वर्षे, उत्तनचा कोळी आणि मनिलाचा चिनी शिंपी एकाच राजाची रयत होते. दोघांनीही त्याचे तोंड कधी पाहिले नाही, हे निराळे सांगायला नको.

त्याच काळात आपल्या वसईचा एक माणूस मनिलात राहिला. त्याचे नाव गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज आणि आई येथली. तरुणपणी जेझुइट धर्मगुरूंबरोबर तो जपानला गेला, भाषा शिकला, पुढे व्यापार केला आणि त्यात चांगला पैसा मिळवला. मग सर्व सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन मठात बंधू म्हणून दाखल झाला. तेथे तो कुष्ठरोग्यांची सेवा करी. १५९३ मध्ये मनिलाहून जपानला वकिलात गेली, तिच्याबरोबर त्याला दुभाषी म्हणून पाठवले. ५ फेब्रुवारी १५९७ या दिवशी नागासाकीला सव्वीस जणांना क्रुसावर देऊन मारले, त्यात गोन्सालो होता. १८६२ मध्ये पोपनी त्या सर्वांना संतपद दिले. भारतात जन्मलेला पहिला संत तो आपल्या खाडीपलीकडचा. वसईत त्याच्या नावाचे चर्च आहे आणि कॉलेजही आहे. तो मनिलात होता तेव्हा तटाबाहेरचा पारियान मोहल्ला भरभराटीत होता. संतांच्या चरित्रात ताटाची नोंद कुणी करीत नाही, नाहीतर मला या लेखात आणखी एक परिच्छेद लिहिता आला असता.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १७६२ मध्ये इंग्रजांनी मनिलावर स्वारी केली ती मद्रासहून. आरमारात हिंदी शिपाई आणि खलाशी होते. दोन वर्षांनी इंग्रज परत फिरले, परंतु शिपायांतले काही जण परतलेच नाहीत. मनिलाजवळ काइंता नावाचे गाव आहे, तेथे त्यांनी घरे केली, तेथल्या बायका केल्या, आणि त्यांचे वंशज आजही त्या भागात आहेत. तेव्हा भाऊजींच्या बोटीवरचा तो आचारी आणि आपण अगदीच परके आहोत असे समजू नये.

आता आपल्या घरचा पॅनरोल. पॅनरोल म्हणजे पॅनकेकचा रोल. मैदा, अंडी आणि दूध यांची पातळ धिरडी घालायची, त्यांत शिजवलेला खिमा भरून चौकोनी वळकटी करायची, फेटलेल्या अंड्यात बुडवून पावाच्या चुऱ्यात घोळवायची आणि तळायची. गोव्याकडच्या घरांत तो होतो, आमच्या ईस्ट इंडियन घरांत होतो, आणि अँग्लो-इंडियन लोक त्याला पँट्रास म्हणतात. धिरड्याची आणि चुऱ्याची ही पद्धत फिरंग्यांच्या स्वयंपाकघरातली. त्यात हिरवी मिरची, आले, कोथिंबीर आणि बाटली मसाला घातला तो आमच्या आज्यांनी. १७३९ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी धारावीचा किल्ला घेतला आणि मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले. बाटलेले म्हणून हिणवले जाणारे कोळी, कुणबी, भंडारी येथेच राहिले, कारण ते येथलेच होते. त्यांची भाषा मराठी, लुगडे नेसण्याची तऱ्हा मराठी, लग्नात उंबराचे पाणी आणायची रीत इकडचीच, आणि पानात पॅनरोल. पुढे इंग्रजी अमलात गोवेकर आणि मंगळूरकर ख्रिस्ती नोकरीसाठी मुंबईस येऊ लागले. त्यांच्याहून आपण निराळे हे दाखवण्यासाठी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षे झाली त्या वर्षी, आमच्या लोकांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतले. नाव इंग्रजी कंपनीचे, धर्म फिरंग्यांनी दिलेला, भाषा येथली. अशा माणसांना 'तुम्ही मूळचे कुठले' असे विचारणारे आजही भेटतात. उत्तनच्या बाईला हा प्रश्न कालपरवा भाईंदरास राहायला आलेला माणूस विचारतो तेव्हा हसू येते.

हिंदुस्थानात खिमा पोळीत गुंडाळून तळण्याची युक्ती मात्र फिरंग्यांच्याही आधीची आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा प्रवासी दिल्लीला महंमद तुघलकाच्या दरबारी आला होता. तेथल्या मेजवानीत पातळ पोळीत मसाल्याचा, बदाम-पिस्ते घातलेला खिमा भरून तुपात तळलेले समोसे त्याने खाल्ले आणि लिहूनही ठेवले. नयानगरात रमजानमध्ये समोसापट्टीचे गठ्ठे विकायला ठेवतात ते याच घराण्यातले. पट्टी विकणाऱ्या बाया ती एका हाताने तव्यावर टाकतात आणि दुसऱ्या हाताने सोडवतात, ते बघत राहावे असे असते.

चिनी वळकटी मात्र मुंबईस निराळ्या वाटेने आली. माझगावला नवाब टँकजवळ १९१९ साली चिनी खलाशांनी आणि कामगारांनी बांधलेले एक लहानसे देऊळ आहे, सी युप कून. वरच्या मजल्यावर त्यांचा न्यायाचा देव आहे. त्या भागात आणि शुक्लाजी स्ट्रीटला तेव्हा चिनी वस्ती होती. कुणी दात बसवी, कुणी जोडे करी, कुणी खाणावळ चालवी. पुढे फोर्टात आणि चर्चगेटला मोठी चिनी हॉटेले निघाली, आणि तेथे स्प्रिंग रोल साहेबांच्या व शेठजींच्या पानात आला. मग १९६२ चे युद्ध झाले. देशभरातून सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना पकडून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवले. पुष्कळांचा जन्म इकडचा, काहींना चिनी वाचताही येत नव्हते. शेवटची माणसे सुटली ती १९६७ मध्ये. मुंबईतल्याही पुष्कळ कुटुंबांनी नंतर देश सोडला. वस्ती जवळजवळ संपली. आणि त्यांचे खाणे? १९७५ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या नेल्सन वाँग या आचाऱ्याने मुंबईच्या क्रिकेट क्लबात मंचुरियन केले असे सांगतात, त्यानंतर मंचुरियन आणि रोल गल्लोगल्ली पोचले. आज भाईंदरच्या प्रत्येक नाक्यावर लाल पडदा लावलेली चायनीजची गाडी आहे. तिच्यावर तळणारा मुलगा नेपाळचा नाहीतर उत्तर प्रदेशचा, खाणारे मराठी आणि गुजराथी, सॉस ठाण्याच्या कारखान्यातला. चिनी माणूस तेवढा कोठे दिसत नाही.

मनिलात सोळाशे तीन साली जे घडले आणि आपल्याकडे बासष्ट साली जे घडले त्यात फरक मोठा आहे, हे मला समजते. येथे कत्तल झाली नाही. तरी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी दिसते. माणसाला बाहेर काढताना त्याची पोळी मात्र आपण ठेवून घेतो.

हे लिहिण्याचे कारण आपल्याच गावात आहे. १९८५ मध्ये येथे नगरपालिका झाली, २००२ मध्ये महानगरपालिका, आणि मिठागरांच्या कडेने इमारती उठल्या. सर्व प्रांतांचे लोक आले. आमच्या नात्यातल्या एका मुलीला लग्नानंतर भाड्याचे घर पाहिजे होते. तीन इमारतींत आधी विचारले, "खाता काय?" आणि मग घर नाही असे कळवले. चौथ्या ठिकाणी मिळाले, परंतु खिमा शिजवताना ती खिडक्या लावून घेते. मला कुणाच्या सोवळ्यात हात घालायचा नाही. आमच्या मंडळात जैन भगिनी आहेत, माळकरी आहेत, चातुर्मास पाळणाऱ्या आहेत, आणि त्यांच्या पानाजवळ मांसाचा पळा जाऊ नये हे मी जपते. आनंदमेळ्यात कढया दोन, झारे दोन, टेबले दोन, असा आम्ही नियमच केला आहे. परंतु ताट वेगळे ठेवणे निराळे आणि माणूसच वेगळा ठेवणे निराळे. मंडळाच्या वर्गणीच्या वहीत आमची सगळ्यांची नावे एकाखाली एक आहेत, तशी इमारतीच्या पाटीवर का असू नयेत?

असो. आता कृती सांगते, नाहीतर भगिनी म्हणतील बाईंनी सगळा इतिहासच वाढला.

फिलिपिन्समध्ये मांसाच्या तळलेल्या लुंपियाला 'शांघाय' म्हणतात. त्याचा शांघाय शहराशी संबंध नाही, आपल्याकडे नाही का 'बॉम्बे' नावाच्या खाजेत मुंबईचे काही नसते! तो पॅनरोलपेक्षा बारीक, करंगळीएवढा. यातच त्याचे सगळे शास्त्र आहे. पॅनरोलात आणि समोशात खिमा शिजवून भरतात, लुंपियात कच्चा. वळकटी बारीक असल्याने बाहेरची पारी लाल होईपर्यंत आतला खिमा पुरता शिजतो आणि त्याचा रस पारीत मुरून राहतो. जाड केली की बाहेर करपते आणि आत कच्चे राहते. कच्चे मांस पोटात जाणे बरे नव्हे, म्हणून पहिली वळकटी मोडून पाहावी. आत गुलाबी दिसली तर आच कमी करावी आणि वेळ वाढवावा.

पारीसाठी एक वाटी मैदा, एक मोठा चमचा मक्याचे पीठ, चिमूटभर मीठ आणि सुमारे दीड वाटी पाणी घेऊन ताकासारखे पातळ पीठ भिजवावे. गाळून घ्यावे म्हणजे गुठळ्या राहात नाहीत. अर्धा तास ठेवले म्हणजे पीठ सैल होते आणि पारी फाटत नाही. तवा मंद आचेवर गरम करून तेलाचा नुसता बोळा फिरवावा आणि पीठ रुंद ब्रशने तव्यावर पातळ लावावे. कडा सुटल्या की पारी झाली, उलटायची नाही. मक्याच्या पिठाने ती तळल्यावर कुरकुरीत राहते. फुजियानचे कसलेले कारागीर ब्रश घेत नाहीत. ते सैलसर मैद्याचा गोळा हातात नाचवत तापल्या तव्याला क्षणभर टेकवतात आणि उचलतात, मागे कागदासारखी पोळी राहते. आपल्या मांडे करणाऱ्या बायांच्या हाताची आठवण होते. पाऱ्या एकावर एक ठेवून ओल्या फडक्याखाली झाकाव्या, उघड्या राहिल्या की कडा मोडतात.

खिमा अर्धा किलो. तिकडे डुकराचा घेतात, कारण त्याची चरबी आतून ओलावा देते. आमच्या मुसलमान शेजारणींसाठी मी बकऱ्याचा किंवा कोंबडीचा करते. कोंबडीचा कोरडा होतो, तेव्हा मांडीचे मांस घ्यावे आणि चमचाभर तेल चोळावे. गाजर दोन, कांदे दोन, लसणीच्या आठ पाकळ्या, हे अगदी बारीक चिरावे. गाजर आणि कांद्याला मीठ लावून दहा मिनिटांनी घट्ट पिळावे. पिळण्याचा कंटाळा केला तर त्यांचे पाणी तळणीत पारी फोडते आणि तेल अंगावर उडते. एक अंडे, मिरपूड, एक चमचा सोया सॉस, चवीपुरते मीठ. सोया सॉस खारट असतो हे ध्यानात ठेवावे. मी अर्धा चमचा बाटली मसाला घालते. तसे केल्यावर तो फिलिपिनो राहतो का, असे माझी मुलगी विचारते. बोटीवरचा फिलिपिनो आचारी घालतो, तेव्हा राहतो, असे मी तिला सांगते.

पारीच्या कडेला खिम्याची बारीक दोरी ठेवून घट्ट वळावी, बाजू आत दुमडाव्या, शेवट मैद्याच्या खळीने चिकटवावा. आत हवा राहू देऊ नये. इतक्या साहित्यात तीस-पस्तीस होतात. मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटे तळाव्या, एका वेळी आठ-दहाच. जास्त टाकल्या की तेल निवते आणि वळकट्या तेल पितात. नाताळात आणि ईदेला ज्या भगिनी विक्रीसाठी करतात त्यांनी कच्च्या वळकट्या ताटात सुट्या मांडून बर्फाच्या खणात घट्ट कराव्या, मग डब्यात भराव्या. तळताना वितळू देऊ नये, तशाच टाकाव्या, आच मात्र थोडी कमी ठेवून दोन मिनिटे जास्त द्यावी. मीरा रोडच्या दोन घरांत यावर मुलांच्या शाळेची फी निघते हे मला ठाऊक आहे.

शाकाहारी भगिनींसाठी तिकडचाच 'तुरोन' आहे. त्यात मांस नाही, अंडे नाही, कांदा-लसूण नाही. तिकडे साबा जातीचे केळे घेतात, आपल्याकडे राजेळी, ज्याची आगाशीला सुकेळी करतात तेच, उत्तम लागते. पिकलेल्या केळ्याच्या उभ्या फाका गुळाच्या किंवा तांबड्या साखरेच्या भुकटीत घोळवाव्या, प्रत्येकीबरोबर पिकल्या फणसाची एक पट्टी ठेवावी आणि त्याच पारीत वळून तळावे. तेलात चमचाभर साखर टाकली की ती वितळून वळकटीला काचेसारखी चिकटते. मेळ्यात दुसऱ्या टेबलावरचे हे तुरोन माझ्या खिम्याच्या लुंपियाआधी संपतात.

खिम्याच्या लुंपियाबरोबर तिकडे सिरका देतात. माडीचा, म्हणजे नारळाच्या झाडाच्या रसाचा, आंबवलेला. आपल्याकडे उत्तन-गोराईत माडी-ताडी काढणारे भंडारी आहेत, आमच्या घरांत त्याच सिरक्याने इंदियाल आणि सरपोतेल होते. फिलिपिनो खलाशी गलबतांतून मेक्सिकोला गेले तेव्हा माडी काढण्याची विद्याही बरोबर घेऊन गेले, तेथे तिचे नाव आजही त्यांच्याच भाषेतले 'तुबा' आहे. सिरका अर्धी वाटी, ठेचलेली लसूण चार पाकळ्या, मिरे ठेचून, एक लवंगी मिरची, मीठ आणि किंचित साखर. हे आदल्या रात्री करून काचेच्या बरणीत ठेवावे. लसणीचा तिखटपणा रात्रभरात सिरक्यात उतरतो. लुंपिया मात्र कढईतून थेट पानात वाढावे, कारण गार झालेली वळकटी पुन्हा कुरकुरीत करण्याची विद्या फुजियानलाही नाही आणि उत्तनलाही नाही.